व्यसनमुक्ती केंद्रातली गटचर्चा: पेशंट आणि घरचे विचारतात ते प्रश्न

भरतीच्या दिवशी कागदांवर सह्या होतात, बॅग तपासली जाते, चोरकप्प्यातली तंबाखूची पुडी निघते. मग आई किंवा बायको मला जरा बाजूला घेते आणि विचारते, "तुम्ही याच्याशी एकट्याशीच बोलाल ना? चारचौघांत नको." समुपदेशक म्हणून गट चालवायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की त्याच्या मागोमाग येणारे बाकीचे प्रश्नही एकदाचे लिहून काढले.

गटचर्चा म्हणजे नक्की काय करतात?

आठ ते बारा जण गोल करून बसतात, तास-दीड तास. सोबत एक समुपदेशक, जमलं तर जोडीला दुसरा. मध्ये टेबल ठेवत नाही. टेबल नसलं की हात लपवायला जागा राहत नाही आणि कुणाची थरथर अजून थांबलेली नाही हे सगळ्यांना दिसतं.

सुरुवातीला एक फेरी होते. झोप कशी लागली, जेवण गेलं का, आणि तलफ शून्य ते दहात किती. मग त्या दिवसाचा विषय किंवा फेरीतूनच निघालेली एखादी गोष्ट. ऐकायला हे साधं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं त्याचा एक नमुना सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. पन्नाशीचे एक ट्रकड्रायव्हर रोज सांगायचे, "तलफ शून्य." पाचव्या दिवशी समोर बसलेला पंचविशीतला पोरगा म्हणाला, "काका, शून्य कसं? काल टीव्हीवर त्या सोड्याची जाहिरात लागली, तेव्हा तुम्ही तीनदा उठून पाणी प्यायलात." काका गप्प. मग म्हणाले, "चार असेल." दोन मिनिटांनी कुणीही न विचारता म्हणाले, "सहा लिहा."

मी ती जाहिरात पाहिलीच नव्हती. पाहिली असती तरी काका तीनदा उठले हे माझ्या लक्षात आलं नसतं. पोराच्या आलं, कारण त्यालाही उठावंसं वाटत होतं.

पण डॉक्टरांशी एकट्यानं बोलणं जास्त चांगलं नाही का?

तेही करतोच. काही गोष्टी एकट्यातच बोलायच्या असतात: लहानपणी झालेला अत्याचार, लैंगिक अडचणी, आत्महत्येचे विचार. गट त्याची जागा घेत नाही.

पण व्यसनाच्या आजारात एक खोड असते. दारू चालू ठेवायची तर खोटं बोलावं लागतं, आणि वर्षानुवर्षं बोलून ते इतकं सफाईदार होतं की बोलणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. डॉक्टरांसमोर ते खपतं, बायकोसमोर निम्मं खपतं, आणि तीच वाक्यं स्वतः वापरून आलेल्या दहा जणांसमोर अजिबात खपत नाही. "फक्त बिअर घेतो." "कामाचं टेन्शन असतं म्हणून." "मनात आणलं तर उद्या सोडेन." ही वाक्यं गटात कुणी बोललं की बाकीचे हसतात. त्यात टिंगल नसते, ओळख पटलेली असते. आपल्याला कुणीतरी रंगेहाथ पकडलं आणि तरीही शेजारी बसू दिलं, हा अनुभव पेशंटला बऱ्याच वर्षांनी मिळत असतो.

दुसरंही एक कारण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गट स्वस्त पडतो. एम्सच्या मदतीनं झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो. एकेकट्याला तास द्यायचा म्हटलं तर माणसं पुरणार कशी? गट-उपचाराची सुरुवातसुद्धा अशाच काटकसरीतून झाली. बॉस्टनमध्ये १९०५ साली डॉ. जोसेफ प्रॅट गरीब क्षयरुग्णांना पथ्यपाणी समजावून सांगण्यासाठी एकत्र बसवू लागले. पुढे दिसलं की शिकवण्याइतकाच, एकमेकांच्या सोबतीनंही त्यांना धीर येतोय.

भरती झाल्या झाल्या गटात बसवता का?

नाही, आणि हे नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, औषधं, थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं. ब्राउन शुगरवाल्यांची टर्की, म्हणजे माल बंद केल्यावर होणारा त्रास, वेगळी. ती सहसा जीव घेत नाही, पण अंगदुखी, जुलाब आणि जागरणानं माणूस पार मोडून जातो. त्यालाही औषधं लागतात.

अंगात उभं राहायची ताकद आली की मग गट. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बसलात तरी चालेल.

हे गट आणि ए.ए. एकच का?

नाही, जरी दोन्हीकडे खुर्च्या गोलच असतात. केंद्रातला गट प्रशिक्षित माणूस चालवतो, त्यात ठरलेले विषय असतात आणि तो उपचाराचा भाग असतो. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, हा मदत-गट आहे. फी नाही, डॉक्टर नाही, हजेरी नाही. मीटिंग चालवणारा स्वतः बेवडाच (हा शब्द त्यांचा, माझा नाही).

ए.ए.चा जन्म लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामाला आलेला एक शेअर दलाल हॉटेलात उभा होता. काम फिसकटलेलं, दारू सोडून काही महिने झालेले आणि बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्यानं फोन फिरवायला घेतले, कुणीतरी दारुडा माणूस भेटवा म्हणून. भेटला तो गावातला एक सर्जन. त्याला सुधारावं हा दलालाचा मुख्य हेतू नव्हताच. आपण आज पिऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायचं होतं.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथे बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते झाले, नव्या पेशंटच्या शेजारी बसू लागले. मुंबईत फादर जो परेरांच्या कृपा फाउंडेशननं १९८१पासून ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाच्या जोडीला योग आणला. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक केंद्रांत दोन्हींची सरमिसळ असते: सकाळी समुपदेशकाचा गट, संध्याकाळी ए.ए. किंवा एन.ए.ची (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, ड्रग्जवाल्यांचा तसाच गट) मीटिंग.

मग केंद्रातल्या गटांत शिकवता तरी काय?

आजाराची माहिती देणारा गट असतो. लिव्हर, मेंदू, तलफ कशी येते वगैरे. तो व्याख्यानासारखाच असतो, थोडी डुलकीही लागते. सोडायचं की नाही हेच ज्यांचं ठरलेलं नाही त्यांच्यासाठी वेगळा गट असतो. तिथे आम्ही उपदेश करत नाही. पिण्याचे फायदेसुद्धा फळ्यावर लिहायला लावतो, कारण फायदा नसता तर माणूस प्यायलाच नसता.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुन्हा पिणं टाळण्याच्या सरावात. अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या सुमारास दाखवून दिलं की माणसं परत पितात ती बहुतेकदा तीन प्रसंगांत: मन खट्टू असताना, कुणाशी वाजल्यावर आणि कुणी आग्रह केल्यावर. आमच्या फळ्यावर या तिन्हींची मराठी यादी होते. पगाराचा दिवस. आठवडी बाजार. गटारी. वरातीतला नाच. मयतीहून परतताना. सासऱ्यानं चारचौघांत केलेला अपमान. एकाची तर विचित्रच होती: जिंकलेली क्रिकेट मॅच. हरली की तो झोपायचा.

मग नाटक करतो. एकानं मित्र व्हायचं, "काय मग, बसायचं का आज?" म्हणायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. मोठमोठी माणसं इथे अडखळतात. "आज नको" म्हटलं की मित्र म्हणतो "मग शनिवारी". "तब्येत बरी नाही" म्हटलं की "अरे, थोडी घे, औषध म्हणून". "बायको ओरडते" म्हटलं की विषय बायकोवर जातो आणि ग्लास भरला जातो. कारण जितकं लांब, तितकी समोरच्याला बोट शिरवायला जागा. शेवटी गटच शोधून काढतो की "मी घेत नाही" एवढंच म्हणायचं आणि हातात काहीतरी धरायचं, चहाचा कप चालेल. हे तोंडात बसायला वीस-पंचवीस वेळा बोलावं लागतं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. गप्प बसलो तर?

बसा. ऐकणाराही गटात असतोच. फक्त फेरीत झोप-जेवण-तलफ तेवढं सांगा.

मी अख्खा श्रावण पाळतो. मग मी व्यसनी कसा?

हा प्रश्न दरवर्षी येतो. श्रावण पाळता ही चांगली गोष्ट आहे. आता दोन प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. आदल्या दिवशी, गटारीला, किती प्यायलात? आणि गणपती बसायच्या आधीच, भाद्रपद लागल्या लागल्या काय केलंत? महिनाभर थांबता येणं आणि एकदा सुरू केल्यावर थांबता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आजार दुसऱ्या गोष्टीत असतो. श्रावण पाळणारे गटात नेहमी तिघं-चौघं निघतात, त्यांच्याशी बोला. माझ्यापेक्षा ते नीट सांगतील.

माळ घातली की दारू सुटते म्हणतात. मग गट कशाला?

अनेकांची सुटली आहे, नाकारायचं कारण नाही. माळेबरोबर काय काय येतं ते बघा: हरिपाठाला रोज ठरलेल्या वेळी जाणं, नवी माणसं, वारी, गावासमोर बदललेली ओळख आणि "माळकऱ्याला आग्रह करू नये" हा सगळ्यांना ठाऊक असलेला नियम. हाही गटच आहे आणि चांगला मुरलेला आहे. अडचण दोनच ठिकाणी येते. रोज पिणारा माणूस माळ घालून एका दिवसात बंद करतो आणि दुसऱ्या रात्री फिट येते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. आणि माळ घातल्यावर एकदा पाय घसरला तर माणूस लाजेनं माळ काढून ठेवतो आणि मंडळींकडे फिरकतच नाही. आमच्या गटात पाय घसरलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी यायचं असतं.

दहा दारुड्यांच्या संगतीत आमचा मुलगा आणखी बिघडणार नाही का?

भीती खोटी नाही. गट नीट चालवला नाही तर त्याची मैफल होते: कुणी किती रिचवली, पोलिसांना कसं चकवलं. अशा पराक्रमांच्या गोष्टींनी ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून आम्ही त्या मध्येच तोडतो. नंबरांची देवाणघेवाणही होते आणि त्यात माल देणाऱ्याचा नंबर असू शकतो. कोवळ्या वयाच्या मुलांना मोठ्यांच्या गटात शक्यतो बसवू नये, हे माझं ठाम मत आहे. त्यांचा गट वेगळा हवा.

गटात बोललेलं बाहेर गेलं तर?

पहिला नियम तोच: इथलं इथेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे आणि त्यानुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. शेजारी बसलेल्या पेशंटला मात्र कायद्यानं तसं बांधता येत नाही, त्याला शब्दानंच बांधावं लागतं. म्हणून गाव छोटं असेल तर नावगाव, ऑफिस, गल्ली सांगू नका, प्रसंग सांगा. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र आम्ही गप्प बसत नाही, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

ब्राउन शुगर किंवा एम.डी. (मेफेड्रोन) घेणारे पोलिसांना घाबरतात. एन.डी.पी.एस. या अमली पदार्थांविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. विकणाऱ्यांसाठी हे कलम नाही. तुमची केस सुरू असेल तर वकिलांना विचारा.

गटात अपमान करतात, टक्कल करतात, असं ऐकलंय.

जिथे करत असतील तिथून पेशंटला बाहेर काढा. कडक बोलून माणूस सुधारतो ही समजूत जुनी आहे. कॅलिफोर्नियात १९५८ साली सिनॅनॉन नावाची वसाहत सुरू झाली. तिथे एकाला मध्ये घेऊन बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं, हाच उपचार होता आणि त्याला 'खेळ' म्हणत. सुरुवातीला वाहवा झाली. पुढे त्याचा पंथ बनला, आणि १९७८ साली विरोधातल्या एका वकिलाच्या टपालपेटीत त्यांच्या लोकांनी विषारी साप ठेवला. वकील चावा बसूनही वाचला. खोटं पकडणं वेगळं आणि माणूस सोलणं वेगळं.

केंद्र बघायला जाल तेव्हा विचारा: मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देता का? नोंदणी दाखवता का? गट कोण घेतं? यांतल्या एकाही प्रश्नावर चिडणाऱ्या ठिकाणी ठेवू नका. मी स्वतः उमेदवारीत अशा एका ठिकाणी चार महिने काढलेत. तिथे गट म्हणजे रांगेत उभं राहून पाढ्यांसारख्या चुका म्हणणं होतं. कोण बरं झालं मला माहीत नाही. मी मात्र रोज संध्याकाळी डोकेदुखीची गोळी घ्यायचो.

आम्ही घरच्यांनी काय करायचं? चहातून औषध दिलं तर?

कधीही देऊ नका. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" असं रंगवलेलं असतं. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय अधू असेल तर माणूस दगावू शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनं.

तुम्ही स्वतःच्या गटाला या. बहुतेक केंद्रांत बायकांचे, पालकांचे गट असतात आणि अल-अॅनॉन या घरच्यांसाठीच्या मदत-गटाच्या मीटिंगा वेगळ्या. तिथे नवऱ्याला कसं सुधारावं यावर फारसं बोलत नाहीत, याची आधी निराशा होते. बोलतात ते उधारी कोण फेडतं यावर. तो आजारी आहे म्हणून ऑफिसला फोन कोण करतं, पोरांना काय सांगायचं. एका ताईंनी सांगितलं होतं, "सात वर्षं त्यांच्या साहेबांना मी खोटं सांगत होते, मग दारू पीत कोण होतं?" सगळ्या जणी खूप वेळ काही बोलल्या नाहीत.

बाई पेशंट असेल तर?

शक्य असेल तर फक्त बायकांचा गट शोधा. मिश्र गटात बाई तिच्या पिण्यावर बोलायच्या आधी तिच्या आईपणावर, चारित्र्यावर प्रश्न येतात आणि ती मिटून जाते. अनेकींच्या पिण्यामागे मारहाण असते, ते पुरुषांसमोर निघणं अवघड. दुःख हे की असे गट मोठ्या शहरांबाहेर जवळपास नाहीतच.

याचा खरंच उपयोग होतो, याला पुरावा काय?

कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली ए.ए. आणि त्याच्याशी जोडून देणाऱ्या उपचारांवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, सहभागी १०,५६५. वर्षानंतर पूर्ण बंद असलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के, आणि विचार-वर्तन उपचारासारख्या इतर पद्धतींत ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जण दोन्हीकडे वर्षभरात कधी ना कधी प्यायले. हा आकडा मी नातेवाइकांना मुद्दाम सांगतो, नाहीतर महिनाभराच्या भरतीकडून चमत्काराची अपेक्षा होते.

आणि प्रत्येकाला गटच लागतो असंही नाही. गोव्यात संगथ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी एकेकट्याशी जास्तीत जास्त चार भेटींत बोलणं केलं. तीन महिन्यांनी धोक्याबाहेर आलेले ३६ टक्के, नेहमीच्या सेवेत २६. पण ही माणसं अजून पूर्ण आहारी गेलेली नव्हती. लवकर आलात तर थोडक्यात भागतं, ते हे असं.

मतिभ्रम, तीव्र नैराश्य असेल तरी गटात बसवता?

आधी त्यावर उपचार. आवाज ऐकू येणाऱ्याला गोलात बसवलं तर सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत असं त्याला वाटेल. आणि हो, पिऊन आलेल्याला त्या दिवशी गटात घेत नाही. बाहेर बसवून चहा देतो, कुणीतरी सोबत थांबतो, उद्या ये म्हणतो.

डिस्चार्जनंतर परत प्यायलो तर?

तर ताबडतोब या. एक घोट झाला की डोक्यात येतं, "आता गेलंच सगळं, मग पुरती क्वार्टरच घेऊ." घोटापेक्षा हा विचार जास्त पाडतो. तलफेची लाट सहसा वीस-तीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहायचं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी फोनमध्ये गटातल्या तिघांचे नंबर असलेच पाहिजेत. नंतर निदान वर्षभर, आधी आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी, फॉलोअपचा गट. परगावी, परदेशी असाल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत, कोविडच्या काळापासून मराठीतही बऱ्याच झाल्या. त्यात एकच खोट: कॅमेऱ्यातून वास येत नाही.

पैसे नाहीत. कुठे जाऊ?

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. फोनवर विचारायचं तर १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानसची १४४१६. ए.ए.च्या मीटिंगला पैसे लागतच नाहीत. टोपी फिरते, तीत टाकले तर टाकले.

पहिल्या दिवशी गटात काय बोलू?

नाव सांगा आणि शेवटची कधी घेतली ते सांगा. बहुतेक जण त्या दिवशी तारीख दोन-चार दिवस मागची सांगतात. कुणी काही म्हणत नाही. आठवड्याभरात फेरी चालू असताना स्वतःच थांबून दुरुस्त करून सांगतात.